न सांगता कळायला हवं?

भांडण कशावरून झालं, असं विचारलं की बहुतेक जोडपी जरा घुटमळतात. ओला टॉवेल गादीवर टाकला होता. फोन उचलला नाही. भाचीच्या बारशाला किती आहेर करायचा हे परस्पर ठरवून टाकलं. सांगताना दोघंही ओशाळतात, कारण एवढ्याशा गोष्टीवरून चार दिवस अबोला धरला हे मोठ्याने म्हटल्यावर त्यांचं त्यांनाच पटत नाही. पण त्या चार दिवसांतलं दुःख खरं असतं आणि मोठंही असतं. टॉवेल दिसला त्या क्षणी तिच्या मनात एक वाक्य उमटून गेलेलं असतं: ‘या घरात माझी किंमत राबण्यापुरतीच.’ आणि तिचा चढलेला आवाज ऐकताच त्याच्या मनात दुसरं: ‘कितीही केलं तरी हिला कमीच.’ ही दोन वाक्यं कुणी कुणाला सांगत नाही. वाद टॉवेलवर होतो, मिटतोही, आणि वाक्यं आत मुरत राहतात.

हे पुस्तक त्या वाक्यांबद्दल आहे. बोधात्मक वर्तनोपचार, ज्याला आता मराठीतही सर्रास सीबीटी म्हणतात, ती पद्धत जोडप्यांसाठी कशी वापरतात हे ते सांगतं. पद्धतीचं मूळ म्हणणं सोपं आहे. काहीतरी घडतं, आपण त्याला अर्थ लावतो, त्या अर्थातून भावना उठते आणि भावनेच्या भरात आपण काहीतरी करतो किंवा करायचं टाळतो. घडलेलं बदलता येत नाही, भावनेला हुकूम देता येत नाही. लावलेला अर्थ मात्र तपासून पाहता येतो. एकट्या माणसाच्या बाबतीत ही साखळी त्याच्यापाशी थांबू शकते. नवरा-बायकोत ती थांबत नाही. तिने केलेली कृती हीच त्याच्यासाठी घडलेली गोष्ट होते, तो तिचा अर्थ लावतो, त्यावर वागतो, आणि त्याचं वागणं पुन्हा तिच्यापुढे येतं. म्हणून जोडप्यासोबत काम करताना एकाचं डोकं दुरुस्त करून भागत नाही. दोघांनी मिळून हा फेरा पाहावा लागतो, आणि तो दोघांना एकाच वेळी दिसणं ही मी पाहिलेल्या कामातली सर्वांत मोलाची घटना आहे.

मराठी वाचकाला या विचाराची ओळख नवी नाही. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. प्रा. कि. मो. फडके यांनी ती आपल्याकडे आणली, त्यासाठी एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार केला. ठाण्याच्या ‘आयपीएच’ या मानसिक आरोग्य संस्थेतून डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ती घराघरांत पोचवली. अंजली जोशी यांची ‘मी अल्बर्ट एलिस’ ही कादंबरी अनेकांनी वाचलेली असेल. फारसं बोललं जात नाही ते हे, की एलिस मुळात प्रेम, लैंगिक संबंध आणि विवाह या विषयांवर सल्ला देणारे होते. त्यांची पद्धत तशा बैठकांच्या अनुभवातूनही घडली, आणि 1961 मध्ये त्यांनी रॉबर्ट हार्पर यांच्यासोबत विवाहावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की जोडीदाराकडून काही हवं असणं यात गैर काहीच नाही. त्या इच्छेची आपण अट करतो आणि अट मोडली की माणूसच वाईट ठरवतो, तिथे त्रास सुरू होतो. आपल्याकडे मात्र हा विचार प्रामुख्याने एकेकट्या माणसाच्या चिंतेसाठी, रागासाठी, न्यूनगंडासाठी वापरला गेला. दोन माणसांना समोरासमोर बसवून तो कसा वापरायचा, यावर मराठीत लिहिलेलं कमी आहे. या पुस्तकाचं प्रयोजन तेच.

जोडप्यांच्या उपचाराची सुरुवात विचारांपासून झालीच नव्हती. ती झाली देवघेवीपासून. 1969 मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टुअर्ट यांनी चार जोडप्यांवर केलेल्या कामाचा अहवाल प्रसिद्ध केला. बायकांची तक्रार होती की नवरे बोलत नाहीत. उपाय असा, की नवरा बोलला की बायकोने त्याला टोकन द्यायचं आणि साठलेली टोकनं त्याने शरीराच्या जवळिकीसाठी वटवायची. आज हे वाचताना मन अस्वस्थ होतं. तिच्या जवळिकीला बक्षीस ठरवताना तिच्या इच्छेचं काय, हा प्रश्न त्या मांडणीत कुठे दिसत नाही. पुढे स्टुअर्ट यांनीच वाट बदलली आणि मोबदल्याची अट न घालता रोज छोट्या छोट्या आपुलकीच्या कृती करण्यावर भर दिला. 1979 मध्ये नील जेकबसन आणि गेला मार्गोलिन यांच्या पुस्तकाने या वर्तनवादी कामाला पक्की घडी दिली: एकमेकांना आवडेल असं वागणं वाढवा, बोलण्याची कौशल्यं शिका, प्रश्न सोडवण्याची रीत शिका.

यातून काही जोडप्यांना खरोखर फायदा झाला. मात्र एक अडचण पुन्हा पुन्हा समोर येत राहिली, आणि ती आपल्याकडेही जशीच्या तशी दिसते. नवरा आठवडाभर संध्याकाळी आपणहून भाजी चिरून देतो. आठव्या दिवशी बायको म्हणते, ‘मॅडमनी सांगितलं म्हणून करतोयस, मनापासून थोडंच!’ वागणं बदललं, अर्थ जागच्या जागी राहिला, आणि त्या अर्थाने बदललेल्या वागण्याची सगळी गोडी काढून घेतली. फ्रँक फिंचम आणि थॉमस ब्रॅडबरी या संशोधकांनी 1980 च्या दशकात याच प्रश्नाचा पाठपुरावा केला. दुखावलेली जोडपी एकमेकांच्या चुकीचं खापर स्वभावावर फोडतात आणि चांगल्या कृतीचं श्रेय परिस्थितीला देतात. समाधानी जोडपी नेमकं उलट करतात. उशीर झाला तर ‘ट्रॅफिक असेल’, आणि गजरा आणला तर ‘आहेच तो प्रेमळ’.

ॲरन बेक हे नाव औदासीन्यावरच्या उपचारासाठी जगभर माहीत आहे. फिलाडेल्फियातल्या या मनोविकारतज्ज्ञाने 1988 मध्ये जोडप्यांसाठी एक पुस्तक लिहिलं, ‘लव्ह इज नेव्हर इनफ’. प्रेम असतं, पण तेवढ्याने निभत नाही, हे सांगायला एखादा मनोविकारतज्ज्ञ लागत नाही. बेक यांचं वेगळेपण असं, की निभत का नाही याची त्यांनी बारकाईने तपासणी केली. औदासीन्यात माणूस स्वतःबद्दल ज्या प्रकारच्या चुकीच्या निष्कर्षांवर उडी मारतो, तशाच उड्या तो संसारात जोडीदाराबद्दल मारतो, हे त्यांनी दाखवलं. ज्या गुणांवर जीव जडला होता तेच पुढे दोष वाटू लागतात, याकडेही त्यांनी लक्ष वेधलं. पाहायला गेलो तेव्हा ‘किती शांत मुलगा’ म्हणून आवडलेला नवरा पाच वर्षांनी ‘घुम्या’ होतो. ‘घरात चैतन्य येईल’ म्हणून आवडलेली बोलकी मुलगी ‘तोंडाला विश्रांती नाही’ अशी होते. माणसं तीच असतात.

1990 मध्ये डोनाल्ड बॉकम आणि नॉर्मन एपस्टीन यांनी वर्तनाची आणि विचाराची अशा दोन्ही बाजू एकत्र बांधल्या. पुढे 2002 मध्ये त्यांनी आपल्याच मांडणीत मोठी भर घातली, कारण भावना आणि घराबाहेरचे ताण यांना पहिल्या मांडणीत पुरेशी जागा नव्हती. जोडप्याच्या मनातले विचार एकाच जातीचे नसतात, हे त्यांच्या कामातलं मला सर्वांत उपयोगी वाटलेलं सूत्र. ते उदाहरणानेच नीट कळतं. (या पुस्तकातली सगळी उदाहरणं अनेक घरांतले धागे एकत्र करून बेतलेली आहेत, कोणत्याही एका जोडप्याची ती हकिकत नाही.)

सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दोघंही नोकरी करणारी. तो बँकेत, ती हिंजवडीत. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी तिने सासूबाईंना फोन केला नाही. तो रात्री गप्प गप्प जेवला. त्याच्या मनात काय चाललं होतं ते नंतर कागदावर उतरलं. तिने फोन केला नाही हे त्याने टिपलं; पण आदल्या आठवड्यात मेडिक्लेमचे सगळे कागद तिनेच जमवले होते, तिकडे त्याचं लक्ष गेलं नाही. ही झाली निवडक नजर. ‘हिला माझ्या आईचं काही नाही’, हे त्याने लावलेलं कारण. ‘विचारलं तर उलट माझ्यावरच येईल’, हे त्याचं पुढचं भाकीत, आणि म्हणून तो गप्प. ‘नोकरी करणाऱ्या मुलींना सासरचं ओझंच वाटतं’, हे त्याचं गृहीतक. आणि सगळ्याच्या तळाशी एक मापदंड: सुनेने अशा वेळी रोज फोन करायलाच हवा.

तिच्या बाजूचा कागद वेगळाच होता. तिने नणंदेला फोन करून सगळी चौकशी केली होती. डोळ्यावर पट्टी असताना सासूबाईंना उगाच कशाला उठवा, हा तिचा विचार. त्याचा अबोला पाहून तिने अर्थ लावला, ‘ह्यांच्या घरातलं प्रत्येक आजारपण म्हणजे माझी परीक्षा.’ आणि तिच्याही तळाशी एक प्रश्न होता, जो तिने दोन वर्षांत तोंडाने विचारला नव्हता: माझ्या बाबांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा जावयाने किती फोन केले?

यातल्या पहिल्या चार प्रकारच्या विचारांना पुराव्याची कसोटी लावता येते. खरंच काही नाही का तिला? विचारलं असतं तर काय झालं असतं? मापदंडाचं तसं नसतं. सुनेने फोन करायला हवा की नको, हे पुराव्याने सिद्ध होत नाही. तिथे विचारायचे प्रश्न निराळे: हा मापदंड कुठून आला, तो दोघांना सारखाच लागू आहे का, त्याने घराला काय मिळतं आणि तो पाळण्याची किंमत कोण मोजतं, आणि त्यातला कोणता भाग ठेवायचा. हा फरक न ओळखणारे समुपदेशक दोघांपैकी एकाला ‘तुमचा विचार अविवेकी आहे’ असं सांगून मोकळे होतात. घरी जाऊन दुसरा जोडीदार तेच वाक्य शस्त्रासारखं वापरतो. मापदंडावर वाटाघाटच करावी लागते, आणि ती करताना सुनेचा मापदंड आणि जावयाचा मापदंड शेजारी शेजारी लिहून पाहिला की बरंच काही आपोआप बोलायला लागतं.

आता या प्रस्तावनेत मला सर्वांत जास्त जे सांगायचं आहे त्याकडे येते. 1982 मध्ये रॉय आयडेलसन आणि नॉर्मन एपस्टीन यांनी नात्याला घातक ठरणाऱ्या समजुती मोजण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. त्यात पाच समजुती होत्या. मतभेद म्हणजे नात्याचा नाश. जोडीदार बदलू शकत नाही. शरीरसंबंधात उणीव राहताच कामा नये. स्त्री आणि पुरुष यांच्या गरजा मुळातच वेगळ्या. आणि पाचवी: माझ्या मनातलं त्याला न सांगता कळायला हवं. ही पाचवी समजूत अमेरिकेत सापडली खरी, पण तिचं माहेर आपल्याकडेच असावं असं वाटण्याइतकी ती आपल्या घरांत रुजलेली आहे. ‘सांगायला कशाला हवं?’, ‘एवढंही कळू नये?’, ‘सांगून केलं तर त्यात काय राहिलं!’ आपण हे तक्रार म्हणून म्हणतो आणि प्रेमाची व्याख्या म्हणूनही म्हणतो.

ही समजूत हास्यास्पद नाही, तिला इतिहास आहे. आपल्या आधीच्या कित्येक पिढ्यांत सुनेला मागण्याचा अधिकारच नव्हता. भूक लागली हे सुद्धा सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर कळवायचं. ज्याला मागता येत नाही, त्याच्यासाठी न मागता ओळखणारा माणूस हाच मायेचा एकमेव पुरावा उरतो. पुरुषाच्याही वाट्याला वेगळी मुकी शिकवण आली: भीती, थकवा, आईची आठवण यांबद्दल बोलायचं नाही, डबा न मागता तयार असावा तसा समजूतदारपणाही तयार असावा. अशा घरांत वाढलेली दोन माणसं आज वाकडच्या किंवा डोंबिवलीच्या दोन खोल्यांत राहतात, दोघांचे पगार गृहकर्जाच्या हप्त्यात जातात, मधे वहिनी नाही, आत्या नाही, ओळखून कुजबुजणारं कुणी नाही. जुनी अपेक्षा तशीच आहे आणि ती पुरी करणारी माणसं घरात राहिलेली नाहीत. म्हणून सीबीटीतल्या कामाचा मोठा भाग मला मागायला शिकणं आणि मागितलेलं कमी दर्जाचं न मानणं, एवढ्या एका गोष्टीभोवती फिरताना दिसतो.

ते वाटतं तितकं सोपं नाही. ‘तू माझ्याकडे लक्षच देत नाहीस’ हे मागणं नव्हे, तो निकाल आहे. ‘मी घरी आल्यावर दहा मिनिटं फोन बाजूला ठेवून माझ्याशी बोलशील का?’ हे मागणं. पहिल्या वाक्याला उत्तर म्हणून फक्त बचाव करता येतो. दुसऱ्याला हो म्हणता येतं, नाही म्हणता येतं, ‘दहा नको, जेवणानंतर वीस’ असंही म्हणता येतं. पहिल्यांदा असं मागताना अनेकांच्या डोळ्यांत पाणी येतं. आपण लाचार झालो असं वाटतं. त्या वाटण्यालाही तोच प्रश्न विचारायचा: मागणं म्हणजे लाचारी, हे मला कुणी शिकवलं?

अबोल्याबद्दलही थोडं थांबून बोललं पाहिजे, कारण मराठी घरांत तो भांडणाचा मानाचा प्रकार आहे. आरडाओरडा करणारी माणसं असंस्कृत ठरतात, न बोलणारी सोशिक. अँड्रयू ख्रिस्तेनसन आणि ख्रिस्तोफर हेवी यांनी 1990 मध्ये ‘एक मागे लागतो, दुसरा मागे सरतो’ या फेऱ्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. बायको मागे लागते आणि नवरा कोशात जातो, हे चित्र सगळ्यांच्या ओळखीचं. त्यांना दिसलं ते असं, की ज्याला बदल हवा असतो तो मागे लागतो आणि ज्याला आहे ते सोयीचं असतं तो सरतो. घरातली बहुतेक व्यवस्था पुरुषाच्या सोयीची असेल, तर बदल मागण्याची पाळी बहुधा बायकोवरच येणार. ‘बायकांना कटकट करायची सवय असते’ या समजुतीला याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही.

सरणाऱ्या माणसाचीही एक बाजू आहे. जॉन गॉटमन यांनी सिएटलमध्ये जोडप्यांना भांडताना बसवून त्यांच्या नाडीचे ठोके मोजले. शरीर एका मर्यादेपलीकडे तापलं की माणूस ऐकूच शकत नाही. विनोद, माफी, तडजोड काहीच आत शिरत नाही. तेव्हा थांबणंच शहाणपणाचं. पण थांबणं आणि अबोला यांत फरक आहे. थांबणारा माणूस सांगून जातो: ‘आत्ता मला नीट बोलता येणार नाही, मी खाली चक्कर मारून येतो, साडेनऊला बसू.’ आणि साडेनऊला बसतो. परत येण्याची वेळ न सांगता केलेली माघार ही समोरच्यासाठी शिक्षाच असते, मग ती कितीही शांतपणे दिलेली असो.

आणखी एक ओळख इथे करून द्यायला हवी. बॉकम आणि एपस्टीन जोडप्यांच्या संभाषणाचे दोन प्रकार मानतात. एक मन मोकळं करण्याचं, दुसरं निर्णय घेण्याचं. ऑफिसात वरिष्ठ चारचौघांत बोलले, हे ती सांगते. ती पहिल्या प्रकारचं बोलत असते. तो तत्काळ दुसऱ्यात शिरतो: ‘एचआरला मेल टाक. नाहीतर सोड ना ती नोकरी.’ तिला वाटतं याला माझं ऐकायचंच नाही, त्याला वाटतं एवढा चांगला उपाय सांगितला तरी रुसली. इथे खोट कुणाच्याच मनात नसते. बोलायला सुरुवात करतानाच ‘आत्ता फक्त ऐक’ किंवा ‘यात तुझा सल्ला हवाय’ एवढं सांगितलं, तर किती संध्याकाळी वाचतात हे करून पाहिल्याशिवाय कळणार नाही. पुस्तकातला चौथा भाग पूर्णपणे याच सरावाला दिला आहे.

सीबीटीबद्दलचा एक गैरसमज मला आवर्जून दूर करायचा आहे, कारण तो बायकांना महागात पडतो. विचार बदला म्हणजे दुःख जाईल, सकारात्मक राहा, असा या पद्धतीचा अर्थ अनेक व्याख्यानांत लावला जातो. पद्धत विचार तपासायला सांगते, आणि तपासल्यावर विचार खरा निघू शकतो. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवताना आढळल्या, आणि घरकाम करणारे पुरुष 97 मिनिटं. ‘सगळं माझ्यावरच पडतं’ असं म्हणणाऱ्या बाईच्या विचारात गल्लत शोधत बसणं हा तिच्यावर अन्याय आहे. तिथे कामांची यादी करायची, कुणाकडे काय आहे ते लिहायचं आणि वाटणी बदलायची. फार तर ‘सगळं’ आणि ‘पडतं’ यांच्या जागी नेमकी कामं लिहिली की नवऱ्याला वाद घालायला जागा राहत नाही, एवढाच त्या तपासणीचा उपयोग.

याच्याही पलीकडे एक रेषा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019 ते 2021 या काळात, 18 ते 49 वयोगटातल्या विवाह झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे 29 टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. जिथे मारहाण आहे, धाक आहे, पैसे आणि फोन काढून घेतले जातात, तिथे दोघांना एकत्र बसवून ‘फेरा’ शोधणं चुकीचं आणि धोक्याचं आहे. तिने बैठकीत खरं सांगितलं तर घरी गेल्यावर त्याची किंमत तिलाच मोजावी लागते. म्हणूनच नीट प्रशिक्षण घेतलेला समुपदेशक सुरुवातीला दोघांना एकत्र भेटला तरी नंतर प्रत्येकाशी एकदा स्वतंत्र बोलतो आणि तेव्हा हिंसेबद्दल स्पष्ट विचारतो. ज्या वाचक स्त्रीच्या घरी असं काही आहे, तिने हे पुस्तक बाजूला ठेवून आधी 181 या महिला हेल्पलाइनला किंवा तातडीच्या वेळी 112 ला फोन करावा. 2005 चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा तिच्यासाठी आहे. मार खाण्यात तिच्या विचारसरणीचा कोणताही भाग नाही.

मग याचा उपयोग होतो का, आणि किती? सगळ्यांना होत नाही, हे आधीच सांगणं प्रामाणिकपणाचं. जेकबसन यांनी स्वतःच्याच पद्धतीचे आकडे तपासले आणि सुधारलेली काही जोडपी दोन वर्षांत पुन्हा घसरतात हे उघडपणे मांडलं. एखाद्या संशोधकाने असं करणं मला फार मोलाचं वाटतं. त्यातूनच त्यांनी ख्रिस्तेनसन यांच्यासोबत बदलाच्या जोडीला स्वीकाराला जागा देणारी पद्धत उभी केली: काही फरक बदलणार नाहीत, त्यांच्याकडे एकत्र उभं राहून कसं पाहायचं. जेकबसन 1999 मध्ये गेले, तेव्हा त्यांनी सुरू केलेली मोठी चाचणी चालू होती. लॉस एंजेलिस आणि सिएटलमधली 134 जोडपी, सगळीच दीर्घकाळ गंभीर तणावात असलेली, प्रत्येकाला जास्तीत जास्त 26 बैठका. जुनी वर्तनवादी पद्धत आणि स्वीकाराला जागा देणारी पद्धत, दोन्हींची तुलना. पाच वर्षांनी पाहिलं तेव्हा दोन्ही गटांत सुमारे निम्मी जोडपी सुरुवातीपेक्षा लक्षणीय बऱ्या स्थितीत होती, आणि सुमारे चौथा हिस्सा विभक्त झालेला होता. ती जोडपी किती खोलातून आली होती हे लक्षात घेतलं, तर निम्मी हा आकडा मला लहान वाटत नाही.

आपल्याकडे बहुतेक जोडपी समुपदेशकापर्यंत पोचतात ती कौटुंबिक न्यायालयात. 1984 च्या कायद्याने ही न्यायालयं आली आणि त्यांच्यासोबत विवाह समुपदेशकही आले. ती माणसं कठीण काम करतात. पण तोवर अर्ज दाखल झालेला असतो. अर्जात प्रत्येक घटना दुसऱ्याच्या स्वभावाचा पुरावा म्हणून लिहिलेली असते, त्याखाली सही असते, आणि सही केलेल्या अर्थावरून मागे फिरणं माणसाला जड जातं. पाच वर्षं आधी, अबोला चार दिवसांवरून पंधरावर गेला तेव्हा, कुणी तरी मदत मागितली असती तर हेच काम कितीतरी हलकं झालं असतं. पोट दुखलं तर आपण डॉक्टरकडे जातो, पण नातं दुखलं तर मुलं मोठी होण्याची वाट पाहतो. लैंगिक प्रश्नांच्या बाबतीत तर संकोच आणखी दाट. र. धों. कर्वे यांनी 1927 ते 1953 अशी सव्वीस वर्षं ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवून वाचकांच्या पत्रांना थेट उत्तरं दिली. तरी आजही याच विषयावर येऊन माणसं आवाज उतरवतात. पुस्तकातलं त्यावरचं प्रकरण वगळून पुढे जाऊ नका, अशी विनंती आहे.

वाचायचं कसं, एवढं सांगून थांबते. दोन वह्या घ्या, एकच नको. पहिले दोन आठवडे काहीही सुधारायचा प्रयत्न करू नका. ज्या वेळी मन दुखावलं ती वेळ, काय घडलं, मनात आलेलं वाक्य जसंच्या तसं, काय वाटलं आणि मग काय केलं, एवढंच लिहा. जोडीदाराची वही न विचारता उघडू नका. पंधरा दिवसांनी शांत वेळ ठरवून प्रत्येकाने आपल्या वहीतलं एकच पान वाचून दाखवायचं. ऐकणाऱ्याने बचाव न करता फक्त ‘तुला असं वाटलं, बरोबर?’ एवढं विचारायचं. पहिलं पान सर्वांत मोठ्या जखमेचं निवडू नका. टॉवेलचं निवडा.

जोडीदार वाचायला तयार नसेल, तर एकट्याने सुरू करायला हरकत नाही. फेरा दोघांचा असल्यामुळे एकाने आपलं पाऊल बदललं तरी त्याचा वेग कमी होतो, असा अनुभव आहे. मात्र वाचलेलं दुसऱ्याला शिकवायला जाऊ नका, त्याच्या वाक्यांतल्या चुका मोजून दाखवू नका. आणि वाचताना जर असं लक्षात आलं की उदासी फार खोल आहे, झोप गेली आहे, जगण्यातला रसच गेला आहे, तर जोडप्याचं काम जरा मागे ठेवून आधी स्वतःसाठी मदत घ्या. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, आणि त्यासाठी पैसे लागत नाहीत.